कोणता ग्रंथ? कोणता श्लोक?



हळदीच्या लागवडीचे दिवस होते. उमरखेड तालुक्यातल्या एका गावी मारुतीच्या पारावर आम्ही बेणेप्रक्रियेची सभा ठेवली होती. सभा उठता उठता एक विक्रेता मोटारसायकलवरून आला. त्याच्या पिशवीत बाटल्या होत्या. बाटलीवर बैलजोडीचे चित्र, त्याखाली मोठ्या अक्षरांत 'कुणपजल', आणि त्याखाली एक संस्कृत श्लोक. त्याने लोकांना सांगितले, "हे पाच हजार वर्षांपूर्वीचे ऋषींचे औषध आहे. शंभर टक्के शाकाहारी. यात बेणे बुडवा, कंदकूज येणार नाही. दुसरे काही लावायची गरज नाही."

लोकांनी माझ्याकडे पाहिले. मी कृषी पदवीधर. या खात्यात केस पिकले. कुणपजल हा शब्द मी कुठल्याशा व्याख्यानात ऐकला होता. मी म्हणालो, "होय, जुन्या ग्रंथांत याचा उल्लेख आहे."

एवढे एकच वाक्य मी बोललो. ते खोटेही नव्हते. पण त्या वाक्यावर बाटल्या खपल्या. त्या गावाचे आणि त्या कंपनीचे नाव मी येथे देत नाही. चूक विकणाऱ्याची जेवढी, तेवढीच माझीही होती.

भाद्रपदात त्या गावी पुन्हा गेलो. एका बाईंच्या शेतात हळदीची पाने पिवळी पडली होती. झाड ओढले की अलगद हातात येई आणि खालचा गड्डा मऊ झालेला, घाण वास मारी. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच शेत करतात. पावसाचे पाणी सरीत साचून राहिले होते, हे कंद सडण्याचे मोठे कारण होतेच. पण दरवर्षी शिफारशीप्रमाणे त्या बुरशीनाशकाची आणि मग ट्रायकोडर्माची बेणेप्रक्रिया करीत. या वर्षी केली नव्हती. मी विचारले, "का नाही केली?" त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच हो म्हनले ना, म्हून ते बाटलीचंच घेतलं."

त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटले. आज जे सांगणार आहे त्याची सुरुवात त्या दिवशी झाली.

एका मुलीचा प्रश्न

त्या संध्याकाळी उमरखेडला घरी आलो. टेबलावर ती बाटली ठेवली. शेजारची एक मुलगी आमच्याकडे येत-जात असते; शाळेत तिला दहावीला संस्कृत होते. तिने बाटली हातात घेतली आणि सहज विचारले, "काका, कुणप म्हणजे काय हो?"

मला सांगता आले नाही. ज्या औषधाला मी भर सभेत 'हो' म्हटले, त्याच्या नावाचा अर्थ मला ठाऊक नव्हता!

तिने आपला फोन काढला, संस्कृत शब्दकोश उघडला आणि 'कुणप' असे देवनागरीत टाकले. उत्तर आले : मढे, प्रेत, तसेच दुर्गंधी येणारे. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. शंभर टक्के शाकाहारी औषधाचे नाव 'मढ्याचे पाणी'!

मग लेबलावरच्या श्लोकाचा एकेक शब्द तिने कोशात पाहिला. त्यात बी नव्हते, झाड नव्हते, खतही नव्हते. दान देणाऱ्याची स्तुती करणारे ते एक साधे सुभाषित होते. बाटलीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. छापणाऱ्याला खात्री होती की, उमरखेडच्या बाजारात हा श्लोक कोणी वाचणार नाही. आणि आपण खरेच वाचला नव्हता.

मंडळी, नकली बियाणे ओळखायला आपण शिकलो. पिशवीवरची खूणचिठ्ठी, लॉट नंबर, मुदत पाहतो, पावती मागतो. पण 'प्राचीन ग्रंथात सांगितले आहे' असे कोणी म्हटले की आपण हात जोडतो. पोथीला हात जोडावेत. तिच्या नावाने आलेल्या मालाची मात्र पावती मागावी. ती पावती म्हणजे दोन प्रश्न : कोणता ग्रंथ? कोणता श्लोक?

पूर्वी या प्रश्नांचे उत्तर मिळाले तरी ते पडताळायला पुण्या-नागपूरच्या ग्रंथालयात जावे लागे. आता ते ग्रंथालय तुमच्या मुलाच्या खिशात आहे. ते कसे वापरायचे, हे मी गेल्या वर्षभरात थोडेफार शिकलो. तेवढेच सांगतो.

शेतीचे जुने ग्रंथ खरेच आहेत

आधी एक गैरसमज काढून टाकू. जुन्या ग्रंथांच्या नावाने खोटे विकले जाते, म्हणून ग्रंथच खोटे, असे नव्हे.

संस्कृतात 'कृषिपराशर' नावाचा एक ग्रंथ आहे. तो २४३ श्लोकांचा, निव्वळ शेतीवरचा. तो नेमका केव्हाचा याबद्दल पंडितांत शेकडो वर्षांचे अंतर आहे. दुसरा ग्रंथ सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद'. तो सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचा मानतात आणि त्यात ३२५ श्लोक आहेत. झाडे लावणे, त्यांचे पोषण, त्यांचे रोग आणि त्यावरचे उपाय त्यात आहेत.

हा दुसरा ग्रंथ आपल्या हाती कसा आला, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे नावाजलेले वनस्पतिरोगशास्त्रज्ञ. भाताचा 'खैरा' रोग जस्ताच्या कमतरतेने होतो हे त्यांनी पंतनगरला दाखवले. पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत त्यांनी तुरीच्या मर रोगावर आणि वांझ रोगावर काम केले. आज तुम्ही-आम्ही मर-प्रतिकारक तूर पेरतो, त्यामागे अशा माणसांचे श्रम आहेत. १९९४ साली त्यांनी सिकंदराबादला एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशन ही संस्था काढली. वृक्षायुर्वेदाच्या हस्तलिखिताची प्रत त्यांनी इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातून मिळवली. नलिनी साधले यांनी तिचे भाषांतर केले आणि १९९६ साली ते छापले गेले. कृषिपराशराचेही भाषांतर त्यांनीच केले. ते १९९९ साली निघाले. नेने २०१८ साली गेले. मर रोगाची बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा माणूस जुनी पोथी शोधायला निघतो, आणि सांगोवांगी न बोलता मूळ पान मिळवतो. शास्त्रज्ञाची रीत ती हीच.

मग कुणपजल म्हणजे काय?

सुरपालाने कुणपजलाची कृती स्पष्ट दिली आहे. प्राण्यांची विष्ठा, मांस, चरबी, मज्जा, रक्त, मासे असे पदार्थ घ्यायचे, पाण्यात शिजवायचे, त्यात तिळाची पेंड, भुसा, मध, उडीद, थोडे तूप घालायचे आणि उबेच्या जागी मुरवायचे. ते झाडांना पोसणारे आहे, असे तो सांगतो.

कृषीच्या दृष्टीने यात नवल काही नाही. मांस-मासळी सडवली की त्यातला नत्र झाडाला घेता येईल अशा रूपात सुटतो. पेंडीतूनही तो मिळतो. म्हणजे हे एक मुरवलेले पातळ खत आहे. अलीकडे मांसाऐवजी कडधान्ये व झाडपाला घालून शाकाहारी कुणपजल करतात. काही शेतकरी व शास्त्रज्ञांनी त्यावर प्रयोगही केले आहेत. कोणाला करून पाहायचे असेल तर एका वाफ्यात अवश्य करावे, आणि शेजारचा वाफा तसाच ठेवून फरक पाहावा.

पण खत ते खत आणि बुरशीनाशक ते बुरशीनाशक. 'कुणपजल लावा आणि बेणेप्रक्रिया सोडून द्या' हे सुरपालाच्या तोंडी घालण्याचा अधिकार त्या विक्रेत्याला कोणी दिला? ग्रंथ खोटे बोलला नव्हता. ग्रंथाच्या नावाने बोलणारा खोटे बोलला, आणि मी न वाचता मान डोलावली.

फोनमधली अवजारे

जुनी भाषा वाचणे म्हणजे पडीक जमीन वहितीखाली आणण्यासारखे आहे. एका अवजाराने भागत नाही. नांगर वेगळा, वखर वेगळा, तिफण वेगळी. फोनमध्येही तीन-चार निरनिराळी अवजारे आहेत.

पहिले अवजार : पानाचे छायाचित्र. जुनी पुस्तके यंत्राखाली धरून पानोपान त्यांची चित्रे घेतली आहेत आणि इंटरनेटवर ठेवली आहेत. 'इंटरनेट आर्काइव्ह' या अमेरिकेतील संस्थेच्या संग्रहात संस्कृत-मराठीची अगणित जुनी पुस्तके फुकट वाचायला मिळतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनेही (स्थापना १९१७) आपल्या संग्रहातील ग्रंथ संगणकावर आणले आहेत. पानाचे चित्र म्हणजे सातबाऱ्याची मूळ नोंद. इतर सर्व सांगणे त्याच्याशी ताडून पाहायचे.

दुसरे अवजार : शब्दकोश. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातील वामन शिवराम आपटे यांनी १८९० साली संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. वयाची चाळिशीही न गाठता ते वारले, पण त्यांचा कोश आजही जगभर वापरात आहे. जर्मनीतील कोलोन विद्यापीठाने असे अनेक संस्कृत कोश संगणकावर घातले आहेत. शब्द टाकला की अर्थ समोर. अर्थ इंग्रजीत येतो, तेथे कॉलेजात जाणाऱ्या लेकी-सुनांची मदत घ्यावी. आमच्याकडे ती मुलगी अर्थ सांगते आणि शेतीतली खाचखोच मी सांगतो. दोघांचीही त्यात शाळा होते.

तिसरे अवजार : शब्दांची फोड. संस्कृत वाचताना खरी अडचण येथेच येते. दोन दोरांना पीळ देऊन एक दोर करावा, तसे संस्कृतात शब्द एकमेकांत मिसळतात. 'वृक्ष' आणि 'आयुर्वेद' मिळून 'वृक्षायुर्वेद' होतो. कोशात तो जोडशब्द जसाच्या तसा शोधला तर सापडेलच असे नाही. आधी पीळ उलगडावा लागतो. हे काम करणारी यंत्रणा पॅरिसचे संगणकशास्त्रज्ञ जेरार ह्युए यांनी तयार केली. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी यांनी 'संसाधनी' नावाची साधने उभी केली. त्यांत ओळ टाकली की शब्द सुटे होतात, विभक्ती कळते, कोणत्या शब्दाचा कोणाशी संबंध तेही दिसते. यंत्राला हे जमते, कारण पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतचे नियम आधीच बांधून ठेवले आहेत. ज्या शेताला बांध नीट घातलेला असतो, तेथे पाणी देणे सोपे जाते, तसेच हे.

चौथे अवजार : आपोआप भाषांतर. गूगलच्या भाषांतर-सोयीत मे २०२२ पासून संस्कृतही आली. आता तर फोनला प्रश्न विचारला की तो माणसासारखे उत्तर देतो. हे अवजार सर्वांत सोपे आणि सर्वांत धोक्याचे. ट्रॅक्टर मिळाला म्हणून डोळे मिटून चालवत नाहीत ना?

यंत्र कोठे फसते?

एक जुने उदाहरण घ्या. 'नवकंबल' हा शब्द न्यायशास्त्रात शब्दच्छलासाठी सांगतात. 'नव' म्हणजे नवे आणि 'नव' म्हणजे नऊही. एकाच्या अंगावर नवे कांबळे आहे असे कोणी म्हटले, तर दुसरा भांडतो, "नऊ कांबळी कुठे आहेत? एकच तर आहे!" शब्द तोच, पण अर्थ दोन. आपल्याला समोरचा माणूस दिसतो, म्हणून कळते. यंत्राला माणूस दिसत नाही, त्याला फक्त अक्षरे दिसतात. ते आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधते. अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. पण चुकतो तेव्हाही ते तितक्याच ठामपणे बोलते.

प्रश्नोत्तरे करणाऱ्या यंत्राची खोड याहून वाईट. त्याला विचारावे, 'हळदीच्या कंदकुजीवर पराशराने काय सांगितले?' तर ते कधी कधी नसलेला श्लोकही रचून देते, आकडा घालून! मी स्वतः असा श्लोक-क्रमांक घेऊन मूळ पान उघडले, तर तेथे बैलांच्या गोठ्याचे वर्णन निघाले. तेव्हापासून नियम केला आहे : यंत्र सांगेल ते ऐकायचे, पण पान उघडल्याशिवाय चारचौघांत बोलायचे नाही. माती परीक्षणाचा अहवाल हातात नसताना खताची मात्रा सांगत नाहीत, तसेच हे.

ही अवजारे काही कालची नाहीत. १९४९ साली रॉबर्टो बुसा नावाच्या इटालियन पाद्र्याने एका थोर लॅटिन ग्रंथकाराच्या लेखनातला शब्दन् शब्द यंत्रावर नोंदवायला घेतला. ते काम तीस वर्षे चालले. १९८०च्या दशकात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'पर्सियस' हा संग्रह सुरू झाला. त्यात ग्रीक-लॅटिन ग्रंथातल्या शब्दावर बोट ठेवले की त्याचा अर्थ दिसतो. त्या लॅटिन भाषेतही केटो, व्हॅरो, कोलुमेला यांची दोन हजार वर्षांपूर्वीची शेतीची पुस्तके आहेत. शेणखत, बैल, द्राक्षवेल यांचाच विचार तेथेही आहे. शेतकऱ्याचे दुखणे सगळीकडे सारखेच.

आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृतच्या महाकोशाचे काम सुरू झाले. त्यासाठी सुमारे एक कोटी शब्दचिठ्ठ्या हाताने लिहिल्या गेल्या. आज आपण फोनवर बोट ठेवतो, ते या लोकांच्या हातांवर.

पराशराच्या बांधावर

या अवजारांनी मी कृषिपराशर वाचायला घेतला. रोज रात्री जेवणानंतर दोन श्लोक. काही रात्री एकच होई. काय आढळले, ते थोडक्यात सांगतो.

पराशर म्हणतो की सगळी बियाणी माघ-फाल्गुनात गोळा करावी, उन्हात चांगली वाळवावी. बी एकसारखे, भेसळ नसलेले असावे. तेच भरपूर फळ देते. खताविना वाढलेले धान्य वाढते, पण त्याला फळ धरत नाही. शेणखताचा ढीग माघात उकरावा, उन्हात वाळवून बारीक करावा, फाल्गुनात शेतात खड्डे करून त्यात घालावा आणि पेरणीच्या वेळी पसरावा. हे वाचून मी क्षणभर थांबलो. आम्ही सभेत जे सांगतो, त्यातले निम्मे येथे आधीच सांगून झाले आहे!

पण सगळेच असे नाही. पौष महिन्याचे अडीच-अडीच दिवसांचे बारा भाग करावे आणि त्यांतील वाऱ्यावरून पुढच्या बारा महिन्यांचा पाऊस ओळखावा, असेही पराशर सांगतो. कोणता ग्रह वर्षाचा राजा, त्यावरूनही तो पाऊस ठरवतो. त्या काळी दुसरे साधन नव्हते. आज हवामान खात्याचा अंदाज आहे, उपग्रहाची चित्रे आहेत. पौषातला वारा वहीत टिपून पाहायला हरकत नाही. पण त्यावर पेरणी करू नये. पाऊस चांगला झाला आणि जमिनीत पुरेशी ओल गेली, म्हणजेच सोयाबीनला हात घालावा.

नांगराबद्दल तर तो फारच कडक आहे. आठ बैलांचा नांगर धर्माचा, सहांचा व्यवहाराचा, चारांचा निर्दयांचा, आणि दोनच बैल जुंपणारे तर गोमांस खाणाऱ्यांसारखे! आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत जेमतेम एक जोडी. म्हणजे पराशराच्या हिशेबाने आपण कोण झालो? याचा अर्थ इतकाच की, मुक्या जनावरावर ताण टाकू नका, ही त्याची कळकळ. शब्दशः घेतले तर भांडण होईल, भाव घेतला तर पोळ्याच्या दिवशी आठवण्यासारखे आहे.

शिवाय हा ग्रंथ भातशेतीच्या मुलुखातला दिसतो. त्यात आपली पराटी, हळद शोधत बसू नये. आणि सोयाबीन तर आपल्याकडे परवाचे. तेव्हा 'पराशरांनी सोयाबीनवर हे फवारायला सांगितले' असे कोणी म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आपली मराठीही अभिजात

जुन्या भाषा म्हणजे फक्त संस्कृत नव्हे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली, प्राकृत, बंगाली आणि असमिया यांनाही त्याच दिवशी. आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात महानुभावांनी मराठी गद्य लिहिले. आता तेथे मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. पैनगंगेपलीकडचे माहूरही त्याच पंथाचे पूज्य स्थान. म्हणजे अभिजात मराठी आपल्या अंगणातली आहे.

ती वाचायलाही फोन उपयोगी पडतो. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८५७ची आवृत्ती), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) फुकट पाहता येतात. मोल्सवर्थमध्ये तिफण, वखर, मोट हे शब्द अर्थासह सापडतात. घरातल्या आजोबांना एकेक शब्द वाचून दाखवा. कोशकारांच्या हातून सुटलेले वऱ्हाडी शब्द ते सांगतील, ते वहीत लिहून ठेवा. हे काम कोणत्याही यंत्राला जमणार नाही.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ घरांत जुन्या पेटीत मोडी लिपीतले कागद असतात. विकत घेतल्याचे, गहाणाचे, वाटणीचे. २०२३ साली मराठवाड्यातील जुन्या नोंदी तपासण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्या माणसांची किती गरज आहे ते सर्वांना दिसले. मोडीला संगणकात २०१४ साली जागा मिळाली. मोडी कागद देवनागरीत उतरवणारी यंत्रेही आता तयार होत आहेत. पण जमिनीच्या कागदाला घाई करू नये. कागदाला प्लॅस्टिक चिकटवू नका, चिकटपट्टी लावू नका. उजेडात सरळ छायाचित्र घ्या आणि कागद कोरड्या जागी ठेवा. यंत्राने काढलेला मजकूर ओळखीपुरता पाहा. कोर्टकचेरीचे काम असेल तर मोडीचा जाणकारच गाठा. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. गावातल्या एखाद्या होतकरू मुलाने ते जरूर करावेत.

घरी सुरुवात कशी करावी?

१. रोज पंधरा मिनिटे, ठरलेल्या वेळी. एका दिवशी एकच ओळ घ्या.

२. आधी मूळ पान पाहा. ओळ मोठ्याने वाचा. संस्कृतही देवनागरीतच आहे, त्यामुळे वाचता तर येतेच.

३. प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलने आपला अंदाज लिहा. गोमय, बीज, वृष्टी, धान्य असे कितीतरी शब्द ओळखीचेच निघतील.

४. मग शब्द फोडून कोशात पाहा. यंत्राचे भाषांतर सर्वांत शेवटी. ते आधी पाहिले तर आपले डोके चालत नाही. उसना बैल मिळाला की घरचा बैल आळशी होतो.

५. वहीत ग्रंथाचे नाव आणि श्लोकाचा क्रमांक लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

६. ग्रंथात एखादा उपाय आढळला तर सरळ सगळ्या शेतावर करू नका. एक वाफा करून पाहा आणि शिफारशीची प्रक्रिया सोडू नका.

अभयारण्याकडच्या गावांत रेंज मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी उमरखेडला याल तेव्हा पाने फोनमध्ये उतरवून घ्या. मग घरी रेंज नसली तरी वाचता येतात. सर्व घरात एकच फोन असेल तरी चालेल. एकाने पाहावे, एकाने वही धरावी.

शेवटी

त्या बाईंकडे मी पुढच्या लागवडीला गेलो. पाणी साचू नये म्हणून चर काढून घेतले होते, बेणेप्रक्रियाही झाली होती. मी सभेत सर्वांसमोर माझी चूक सांगितली. साहेबाने चूक कबूल केली तर लोक ऐकणार नाहीत, अशी भीती होती. तसे काही झाले नाही. उलट पारावरचे एक म्हातारबा म्हणाले, "आता तुमचं ऐकाचं म्हनतो."

मागच्या महिन्यात तालुक्यात दुसरा एक विक्रेता आला होता. त्याच्याकडे भुकटी होती आणि नेहमीप्रमाणे एक श्लोक. मी काही बोलायच्या आत त्या बाईच पुढे झाल्या. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी पुडी उलटीसुलटी करून पाहिली आणि शांतपणे विचारले, "भाऊ, हे कोनत्या ग्रंथातलं हाय? कितवा श्लोक?"

तो म्हणाला, "ताई, ते कंपनीला विचारावं लागेल."

"विचारून या," त्या म्हणाल्या, "मग घेऊ."

तो अजून आलेला नाही.